कुऱ्हाडवाला आणि झुलेवाला

त्या वर्षी आमच्या दिघोरीच्या मंडईसाठी तंबूचा सिनेमा आला आणि गावात दोन पक्ष पडले. सिनेमावाल्या भय्याजींकडे सिनेमे दोनच. एकाच्या पाटीवर रक्ताळलेली कुऱ्हाड घेतलेला हिरो, दुसऱ्याच्या पाटीवर फुलांच्या झुल्यावर बसलेली हिरोईन. खरी नावं हिंदीत होती, लांबलचक होती, ती कोण लक्षात ठेवतं! गावानं सरळ बारसं करून टाकलं, कुऱ्हाडवाला आणि झुलेवाला. बाप्ये सगळे कुऱ्हाडवाल्याचे, बाया सगळ्या झुलेवाल्याच्या. बायांपैकी मी एकटीच कुऱ्हाडवाल्याकडे.

साल अठ्ठ्याहत्तर. मी चंद्रा, मॅट्रिक पास, लग्नाची, आणि नाकावर माशी बसू न देणारी. अंगणात धान उन्हाला घातला की त्यावर पाय फिरवत बाया सिनेमावर बोलायच्या आणि मी तिथं जाऊन भांडायची.

"गाणे आयकाले भेटते, साड्या पाहाले भेटते, अजून काय पायजे बाईमाणसाले?" शेजारच्या शकुंतलाबाई म्हणायच्या.

"काकू, तीन घंटे ते बाई झुल्यावरून उतरते त बागेत जाते, बागेतून निघते त नावेत बसते. एकदा तरी पाणी भरते का? एकदा तरी चूल पेटवते का?"

"म्हणूनच त पाहाचं बापा. चूल त घरी हायेच."

यावर बाया हसायच्या आणि माझं डोकं जास्तच तापायचं. मी त्यांना कुऱ्हाडवाला समजावून सांगू लागायची. हिरोच्या बहिणीला चौघं जण मारून टाकतात. हिरो जंगलात जातो, दाढी वाढवतो, आणि परत येऊन एकेकाला हुडकून काढतो. एकाला विहिरीत, एकाला खळ्यावर, एकाला भर बाजारात. चौथ्याला तर असा काही मारतो की मी तंबूत उभी राहून टाळ्या वाजवल्या होत्या. तो सिनेमा मी दोनदा पाहिला. शकुंतलाबाई म्हणाल्या, "या पोट्टीच्या नवऱ्याचं काई खरं नाई."

मला कुऱ्हाडवाला का आवडला हे गावाला कळत नव्हतं असं नाही. आमच्या घरात काय चाललं होतं ते सगळ्यांना माहीत होतं. माझी मोठी बहीण धुरपता आखाडीच्या सणापासून माहेरी बसली होती. तिचा नवरा घनश्याम तुमसरला एका राईस मिलमध्ये दिवाणजी. चांगला पगार, धुतलेले कपडे, तोंडात मसाल्याचं पान. त्यानं एका दुपारी तिचा उजवा हात दाराच्या फटीत धरला आणि दार ओढलं. मिलमध्ये जेवणाचा डबा उशिरा पोचला होता, एवढंच कारण. वैदूनं मनगट बसवलं ते वाकडंच बसलं. पाण्यानं भरलेला गुंड तिला उचलता येत नसे.

माझे बाबा, धनीराम, त्या वेळी तुमसरला जाऊन आले होते. जाताना तावातावानं गेले आणि येताना गप्प बसून आले. जामाता दशमो ग्रहः म्हणतात ते उगीच नाही. त्यानंतर आमच्या घरात तो हात कसा मोडला यावर कुणी बोललं नाही. माय रोज एरंडीचं तेल लावून शेकायची आणि म्हणायची, "बसला ना आता हात. होते हळूहळू." हात बसला होता, ताईही बसली होती, आणि मी मात्र घरभर एका ठिकाणी टिकत नव्हते. पाणी आणायला निघायची नि गोठ्यात जाऊन उभी राहायची. मला वाटायचं, कुणीतरी काहीतरी करावं. भाऊ आहे ना घरात! तेजराम, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, पोतं एका हाती उचलणारा. पण तो धानाच्या बांधीवर जायचा, बैल धुवायचा, जेवायचा आणि झोपायचा.

दिवाळी झाली, लवकर येणारा हलका धान कापून झाला, की आमच्याकडे एकेका गावाची मंडई भरते. दिवसा ढोलावर दंडारीचा नाच, रात्री नाटक, जिलबीची दुकानं आणि घराघरांत पाहुणे. मंडईचा आणखी एक उपयोग आहे. रुसलेल्या जावयाला मंडईला बोलावतात. तो आला, सासऱ्याच्या पंगतीला पोटभर जेवला, बायकोनं त्याला वाढलं, की मागचं सगळं मिटलं असं धरतात. कोण चुकलं, किती चुकलं, याची चर्चा मग कुणी करायची नाही. लेक गुमान त्याच्यामागं चालू लागते. ना पंच, ना कागद. मटणाचा रस्सा नि भात, झाला न्याय.

बाबांनी घनश्याम भाऊजींना मंडईचं बोलावणं धाडलं ते मला पाहुणे येण्याच्या आदल्या दिवशी कळलं.

"रुसला कोण होता बाबा?" मी विचारलं. "हात ताईचा मोडला, अन् रुसले भाऊजी?"

"तू मधात बोलू नको."

"बोलीन."

"तुयासाठीच करून राहिलो ना!" बाबा ओरडले. मग आवाज उतरला. "पवनीचे पाहुणे काहून वापस गेले? त्या लाखांदूरच्या पोराच्या बापानं काय म्हटलं? मोठी घरी बसली हाय, धाकटीले कसं न्याव? दोन पोरी जन्मभर पोसाले मी ना नाई म्हणत. पण मी मेल्यावर?"

ताई आत वड्यांची डाळ डाव्या हातानं वाटत होती. तिनं सगळं ऐकलं असणार. पण तिनं मान वर केली नाही, आणि मला तिचाही राग आला. ही अशी मुळूमुळू म्हणूनच त्याचं फावलं, असं माझं मत होतं. लग्नाआधी ताईला सिनेमातल्या गाण्यांचं भारी वेड होतं. शेण काढताना गाणं, धान कांडताना गाणं. गाणी म्हणणाऱ्या बाया अशाच मार खातात, त्यांना कुऱ्हाडवाल्याची दोन-चार रिळं दाखवायला हवीत, असंही माझं मत होतं. ताई तर घराबाहेर पडायची नाही. मग मीच तिला अख्खा सिनेमा तोंडानं सांगितला होता, कुऱ्हाडीच्या घावांसकट. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतला आणि एकच विचारलं, "त्या बहिणीचं नाव काय होतं वो?"

मला आठवलं नाही. खरं तर मी लक्षच दिलं नव्हतं. दोनदा पाहून!

भाऊजी यायच्या त्या संध्याकाळी तंबूत झुलेवाला लागायचा होता. मी तरातरा भय्याजींकडे गेले. म्हटलं, "आज कुऱ्हाडवाला लावा."

"काहून वो? तुमच्या घरी जावईबापू येऊन राहिले म्हणे. जावयाले प्रेमाचा दाखवाचा का कुऱ्हाडीचा?"

"उद्या मंडई हाय. चारी गावच्या बाया येतीन. झुलेवाला आज लावला त उद्या कोण येईन?"

भय्याजी धंद्याचा माणूस. त्यांनी लगेच पाट्या बदलल्या. मला काय साधायचं होतं ते मी त्यांना थोडंच सांगणार होते! मला भाऊजींना तो सिनेमा दाखवायचा होता. त्यांच्या कपाळावर घाम फुटलेला पाहायचा होता. बहिणीला मारणाऱ्याचं काय होतं ते त्यांनी एकदा डोळ्यांनी पाहावं, तेजरामच्या शेजारी बसून पाहावं, आणि उद्या ताटावर बसताना त्यांचा घास घशात अडकावा. एवढीच माझी इच्छा होती.

भाऊजी आले. सोबत त्यांचे मामा, टिकाराम. पाय धुतले, चहा घेतला, पान खाल्लं. माझ्याकडे पाहून म्हणाले, "काय साळीबाई, सिनेमा दाखवता म्हणे आमाले?"

"दाखवतो ना जी," मी म्हटलं. "तुमच्यासाठीच ठेवला हाय."

तंबूत खाली धानाची तणस अंथरलेली, मधोमध दोर बांधलेला. दोराच्या डाव्या हाताला बाया, उजव्या हाताला बाप्ये. बायांच्या बाजूला बाप्यानं पाऊल टाकायचं नाही, मग तो पोलीस पाटील का असेना, असा भय्याजींचा कायदा होता. मी मुद्दाम दोराला चिकटून बसले. तिथून भाऊजींचं तोंड पडद्याच्या उजेडात स्वच्छ दिसत होतं.

बहिणीचा सीन आला. ती पळते, पडते, हात जोडते. ते चौघं हसतात. मी भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी खिशातून रुमाल काढला होता. मला वाटलं, घाम! आला, घाम आला! पण त्यांनी रुमाल डोळ्यांना लावला. घनश्याम भाऊजी रडत होते. साधं रडणं नाही, खांदे हलवून, नाक शिंकरून. तेजरामनं स्वतःचेही डोळे पुसत त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

पुढं तर कमालच. पहिला माणूस विहिरीत पडला तेव्हा भाऊजींनी शिटी मारली. चौथ्याच्या वेळी ते उभे राहून ओरडले, "चीर साल्याले! बाईवर हात उचलते! उभा चीर!" सगळा तंबू त्यांच्या मागोमाग ओरडला. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, पण हा चोर बोंब मारत नव्हता हो, खरंच मनापासून ओरडत होता. त्याला ठाऊकच नव्हतं की तो चोर आहे. मी बसल्या जागी मुठीत तणस कुस्करत राहिले. पहिल्यांदाच मला त्या सिनेमाचा वीट आला.

घरी येताना तेजराम आणि भाऊजी एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून पुढं चालले होते, सिनेमातले डायलॉग म्हणत. अंगणात आल्यावर भाऊजींनी मायला गोष्ट सांगितली आणि मायनं पदरानं डोळे पुसले. ताई हातावर पाणी घालायला तांब्या घेऊन उभी होती, डाव्या हातात.

"तू पाहाले पायजे होतं," भाऊजी तिला म्हणाले. "त्या पोरीचे हाल पाहून मले त रडूच आलं. इचार तेजरामले."

"हो?" ताई म्हणाली आणि त्यांच्या हातावर पाणी घातलं.

मी तेजरामला गोठ्यात गाठलं. तो अजून डायलॉगच पुटपुटत होता.

"कोणासाठी रडला रे तू?"

"सिनेमाच तसा हाय."

"सिनेमातली बहीण त खोटी हाय. खरी तिथं अंगणात उभी हाय. तिचा हात कोणी मोडला? ज्याच्या गळ्यात गळा घालून आला, त्यानंच ना?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. मी काहीतरी नवीनच सांगितल्यासारखा बघत राहिला. मग त्यानं बैलाच्या पुढ्यातली वैरण सारखी केली, विस्कटली, पुन्हा सारखी केली. मी आत निघून गेले. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? ठिणगी पडली होती.

मंडईच्या दिवशी सकाळपासून दंडारीचा ढोल वाजत होता आणि माझं काळीज त्या ढोलाबरोबर उडत होतं. तेजराम सकाळीच कुठंतरी गेला होता. दुपारी पंगत बसली. भाऊजी आणि मामा पाटावर, बाबा त्यांच्या शेजारी. मटण, वडे, भात. ताई वाढत होती. तिनं वाकड्या मनगटावर परात तोलून धरली होती आणि डाव्या हातानं वडे घालत होती. बाबांची नजर भाऊजींच्या ताटावर. घास मोजत होते जणू. ताट पुरं होऊ दे, एवढंच त्यांच्या मनात.

तेवढ्यात दारात तेजराम उभा राहिला. डोळे लाल, मोहाच्या दारूचा वास पार पंगतीपर्यंत. हातात लाकडं फोडायची कुऱ्हाड. ती त्यानं खांद्यावर अशी आडवी धरली होती, अगदी पाटीवरल्या हिरोसारखी.

"कोणी हात लावला माया बहिणीले?"

ओळसुद्धा सिनेमातलीच. पण मला त्या वेळी हसू आलं नाही. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो आनंदाचा होता. झालं! उठला माझा भाऊ! मामांच्या हातातला वडा ताटात पडला. भाऊजी पाटावरून मागं सरकत भिंतीला टेकले.

ताईनं परात खाली ठेवली.

"तेजू, ठेव ते खाली."

"नाई ठेवत. आज याले..."

"काय करशीन? कापशीन? मंग तू जेलात, बाबा वकिलाच्या दारात, अन् मी कुठं?" तिचा आवाज चढला नव्हता, पण ढोलातही स्वच्छ ऐकू येत होता. "आखाडीपासून मी घरी हावो. रोज तुले डाव्या हातानं भाकर वाढतो. एकदा तरी इचारलं का, ताई, दुखते का म्हणून? काल सिनेमा पाहिला तवा तुले बहीण आठवली. त्या सिनेमातली बहीण पयल्याच रिळात मरते, तवा कुठं तो भाऊ उठते. मंग तीन घंटे त्याचंच राज. तिचं नावबी कोणाले माहीत नाई, इचार चंद्राले. तुमाले उठाले मी मरू का? मले मराचं नाई, तेजू."

तेजरामच्या खांद्यावरची कुऱ्हाड हळूहळू खाली आली. तो उंबऱ्यातच बसला आणि लहान मुलासारखा रडू लागला. आणि मी? मी कोपऱ्यात भाताची डेग धरून उभी होते. ताईनं माझ्याकडे नुसतं एकदा पाहिलं होतं, पण मला वाटलं, माझ्याच हातातून कुणीतरी कुऱ्हाड काढून घेतली.

बाबांनी उठून तेजरामच्या थोबाडीत दिली. पण आता काय उपयोग? भाऊजी ताटावरून उठले होते. अर्धा भात तसाच, वड्याला एकच चावा. बाबा हात जोडून, "जावईबापू, दोन घास, फक्त दोन घास," म्हणत त्यांच्या मागं अंगणभर फिरले. भाऊजींना जीव वाचल्याचं बळ आलं होतं. ते कुणाकडे न बघता शर्टाची बाही झटकत होते. बोलले मामा.

"आमाले मारासाठी बोलावलं का? आता थांबत नाई. सात वाजताची गाडी हाय. पोरीले पाठवाची असन त त्याच गाडीनं पाठवा. नाई त ठेवा घरी. आमच्या घनश्यामले दुसरी पाहाले वेळ नाई लागत."

मग घरात जी धांदल उडाली ती विचारू नका. माय रडत रडत ताईची पेटी भरू लागली. बाबा मला म्हणाले, "झालं समाधान?" मी ताईच्या मागं मागं फिरत होते. ती केस विंचरत होती, मी तिथं. ती दिवाळीची हिरवी साडी नेसत होती, मी तिथं.

"ताई, जाऊन राहिली का?"

"साडीच्या निऱ्या धर."

"तू जाऊन राहिली का त्याच्यासंगं?"

"धर म्हटलं ना."

मी निऱ्या धरल्या. मायनं तिची ओटी भरली, तांदूळ, खोबरं, हळकुंड. ताईनं सगळ्यांच्या पाया पडून घेतलं. देवाच्या आणि बाबांच्यासुद्धा. एवढं दुपारी बोलली आणि शेवटी निघालीच. गाणी म्हणणाऱ्या बाया अशाच, मी मनाशी म्हटलं, आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली.

अंधार पडायला लागला तशी आम्ही निघालो. पुढं भाऊजी आणि मामा, मग ताईची पेटी डोक्यावर घेतलेले बाबा, नजर जमिनीला लावून, मग ताई आणि मी. माय आणि तेजराम घरीच राहिले. एसटी थांबते ती जागा मंडईच्या पलीकडं, आणि वाटेत तंबू. जनरेटर सुरू झाला होता. झुलेवाल्याची पाटी दिव्यात चमकत होती आणि बायांची ही झुंबड. भय्याजी भोंग्यातून ओरडत होते, "माताओ और बहनो, आज का खेल आपके लिए!"

ताई थांबली. पाटीकडे पाहिलं. मग सरळ वळली आणि बायांच्या दारातून आत गेली.

मला वाटलं, कुणा मैत्रिणीचा निरोप घ्यायला गेली असेल. मी मागं धावले. ती बायांमधून वाट काढत, "सरका वो, सरका जराशा," करत मधोमध गेली आणि तणशीवर मांडी घालून बसली. ओटीचे तांदूळ मांडीत सारखे करून घेतले.

"ताई, गाडी!"

"बस."

मी बसले. दुसरं काय करणार होते? शेजारी शकुंतलाबाई होत्या. त्यांनी आधी ताईकडे, मग तिच्या भरल्या ओटीकडे पाहिलं, आणि सरकून तिला आणखी जागा करून दिली. दिवे गेले. पडद्यावर ती हिरोईन आली, झुला आला, पहिलं गाणं सुरू झालं. माझा एक डोळा पडद्यावर, एक दारावर. बाहेरून बाबांचा आवाज आला, मग मामांचा. मग बाप्यांच्या बाजूनं कुणीतरी लोकांच्या पायांवर पाय देत दोरापर्यंत आलं. घनश्याम भाऊजी.

"धुरपता!"

आसपासच्या बाया वळल्या. ताई पडदाच पाहत होती.

"धुरपता, गाडी आली. चाल."

"मी सिनेमा पाहून राहिली," ताई म्हणाली.

"सिनेमा संपेपर्यंत गाडी थांबते का?"

"नका थांबवू. तुमी जा."

भाऊजींनी दोर हातात धरला. एक पाय उचलला तसा बायांच्या बाजूनं असा काही गलका उठला की पाय पुन्हा तिकडेच गेला. "ओ पाहुणे, इकडं नाई याचं!" "बाया बसल्या हायेत, दिसत नाई का?" शकुंतलाबाईंचा आवाज सगळ्यांच्या वर होता. त्यातून भाऊजी उभे होते ते बरोबर प्रकाशाच्या झोतात. पडद्यावर हिरोईनच्या झुल्याच्या जागी त्यांचं भलंमोठं काळं डोकं दिसत होतं. मागचे बाप्ये खवळले. "मुंडकं खाली! बसा गा खाली!" कालच यांच्या मागोमाग ओरडलेला तोच तंबू होता.

भाऊजी वाकले. वाकून, दोराखालून मान काढून, दबक्या आवाजात म्हणाले, "शेवटचं इचारतो. येतेस का नाई?"

ताईनं पहिल्यांदा त्यांच्याकडे तोंड वळवलं.

"शेवटचं नाई जी, पयल्यांदाच इचारलं तुमी," ती म्हणाली. "नाई येत."

एवढंच. ना शिवी, ना रडणं. मी चार महिने डोक्यात कुऱ्हाडी घेऊन फिरत होते, आणि हे दोन शब्द मला कधी सुचले नव्हते. भाऊजी तसेच वाकलेले राहिले. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, पण मागून कुणीतरी त्यांच्या शर्टाला धरून ओढलं. बाहेर एसटीनं भोंगा वाजवला. एकदा, मग लांबलचक दुसऱ्यांदा. ते उठले आणि लोकांच्या शिव्या खात बाहेर गेले. तंबूच्या कापडाला गाडीच्या दिव्यांचा उजेड लागला, सरकत सरकत पुढं गेला आणि गेला.

मी उठून दाराचं कापड जरा बाजूला सारून पाहिलं. बाबा तंबूबाहेर पेटीवर बसले होते. घरी जात नव्हते, आत येत नव्हते. डोक्याचं फडकं सोडून हातात गुंडाळत होते, पुन्हा सोडत होते. उद्या हे माझ्याशी बोलणार नाहीत. पवनीचे, लाखांदूरचे, कुठलेच पाहुणे आता आमच्या दारी येणार नाहीत. मोठी कायमची बसली, धाकटी तिच्या शेजारी. मला भीती वाटत होती, खरंच वाटत होती, आणि तरीही उठून ताईला चल म्हणावंसं वाटत नव्हतं.

मी परत जागेवर येऊन बसले. पडद्यावर आता हिरो हिरोईनला मागणी घालत होता. हे मी आधी पाहिलेलं होतं आणि धानाच्या अंगणात बसून त्याची यथेच्छ टिंगल केली होती. तो विचारतो, ती नाही म्हणते. तो मान खाली घालून जातो आणि आपल्या खोलीच्या खिडकीत उभा राहून पाच कडव्यांचं गाणं म्हणतो. मूर्ख माणूस, असं माझं मत होतं.

ताईनं माझा हात घट्ट धरला.

"चंद्रा, पाह्य ना वो," ती म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "तिनं नाई म्हटलं, त हा आपल्या घरी जाऊन गाणं म्हणून राहिला."